लाभ, दोन, तीन

गेल्या वर्षी पौषात मला एका बागेच्या वाटेवर खुर्चीत बसवलं. मी बसले. चूक तिथे झाली आणि ती माझी होती, हे आधीच सांगून टाकते. बाकीच्या चुका दुसऱ्यांच्या आहेत.

मी हापूसच्या बागा मोहोरावर घेते. म्हणजे झाडावर मोहोर दिसला की बागेत जाऊन अंदाज करायचा, मालकाशी बोली करायची, आणि मग त्या हंगामाची फवारणी, राखण, तोडणी सगळं आपल्या जिवावर. आमचे हे नोकरीला मुंबईत असायचे. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. तेव्हा मी एसटी स्टँडच्या बाहेर टोपलीत कोकमसोलं घेऊन बसत होते. तिथून इथवर मला कोणी हात धरून आणलेलं नाही. धाकटे दीर तेव्हा शाळेत होते. पुढे त्यांना मोहोर कसा वाचायचा, मोहोर शोषणारा तुडतुडा कुठे लपतो, मालक खोकला की त्याचा अर्थ काय, हे सगळं मी शिकवलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ती बाग राजापूरच्या रस्त्याला आहे. रस्ता वर, बाग खाली, आणि मधून जांभ्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट, आमच्याकडे तिला पाखाडी म्हणतात. मालक ऐंशीच्या घरातले, आम्ही त्यांना आजोबा म्हणतो, खाली एकटे राहतात आणि पेपर आणायला रोज सकाळी ती पाखाडी चढून वर येतात. एकशे बारा पायऱ्या आहेत असं तेच सांगायचे. एकही पायरी दुसरीसारखी नाही. काही वितीच्या, काही गुडघ्याला लागणाऱ्या. आजोबांचा रिवाज असा की बोली विहिरीजवळच्या पहिल्या कलमाखालीच व्हायची. फोनवर नाही, चिठ्ठीवर नाही. बोलणं ठरलं की ते ज्याच्या हातात नारळ देतील त्याची बाग. बारा वर्षं तो नारळ माझ्या हातात आला होता.

गेल्या वर्षी तिसऱ्याच पायरीवर माझ्या उजव्या गुडघ्यातून कळ निघाली. भावोजी बरोबर होते, त्यांच्याच गाडीतून आलो होतो. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही वर बसा. मी बघून येतो, फोनवर सांगतो तुम्हाला." रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीतून त्यांनी लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणली, फडक्याने पुसली, मला बसवलं. दीड तास मी त्या खुर्चीत होते. मध्ये फोन आला, "मोहोर बरा आहे. तुडतुडा थोडा दिसतोय." मी बसल्या जागेवरून माझा आकडा सांगितला. मग भावोजी वर आले तेव्हा नारळ त्यांच्या काखेत होता.

"आजोबा म्हणाले, जो खाली आला त्याची बाग. मी काय करणार, वहिनी?"

काय करणार म्हणजे, नको म्हणणार. पण ते त्यांना सुचलं नाही. वर मला विचारतात, "पाणी हवंय का?"

त्यानंतर गावात खुर्चीची साथ आली. लग्नात सगळ्या बायका जाजमावर बसल्या असताना मागून आवाज, "काकूंना खुर्ची द्या." आरतीला, बारशाला, अगदी शेजारच्या घरी तेराव्याला गेले तिथेही. खुर्ची आणून ठेवणाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं. माझं डोकं तापायचं. मी दोन ठिकाणी मुद्दाम जमिनीवर बसले आणि उठताना एकदा खांब धरला, एकदा यजमानीणबाईंचा खांदा. त्या बाई अजून खांदा चोळतात असं ऐकते.

डॉक्टर म्हणाले, गुडघा फार बिघडलेला नाही, त्याच्या आजूबाजूचं मांस गेलंय आणि तुमचं वजन आलंय. व्यायाम करा. जिमचं नाव मी काढलं नाही. आमच्याकडे जिममध्ये सकाळी घाम गाळलात तर तो दुपारी मासळीबाजारात पोचलेला असतो. मला गुडघा हलवायचा होता, जीभ नाही.

मुलगा बोटीवर असतो, घरात सून. ती म्हणाली, "आई, मोबाईलवर व्हिडिओ असतात. दार लावून करा." तिने मला पहिला व्हिडिओ काढून दिला त्यावर चित्र होतं, एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि त्यांच्या बाजूला खुर्ची. खाली लिहिलेलं, खुर्चीच्या आधाराने व्यायाम.

"बंद कर."

"आई, बघा तरी आत काय आहे."

"खुर्ची दिसतेय मला. तेवढं पुरे."

सून माझ्यासारखीच आहे, घाबरत नाही. तिने एका धिप्पाड पोराचा व्हिडिओ लावून दिला आणि म्हणाली, "मग हा घ्या. ह्याच्याकडे खुर्ची नाही."

मी मुलाची जुनी ट्रॅकपँट चढवली, वरून गाऊन, मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. तो पोरगा हिंदी-इंग्रजीतून ओरडत होता, पण दहा म्हणजे दहा, एवढं कळत होतं. मी मोजायला लागले. आमच्याकडे माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. टोपलीच्या दिवसांपासून माझ्या तोंडात तेच बसलंय. तर लाभपासून दहापर्यंत मी उठाबशा काढल्या आणि थांबले. हा म्हणतो, आणखी पाच.

मी मोबाईल बंद केला. "दहा ठरले होते."

आमचे हे पडवीत पेपर वाचत होते. निवृत्त होऊन घरी आल्यापासून त्यांना दोनच कामं, पेपर आणि माझ्यावर टिप्पणी. "अगो, कोणाशी भांडतेस?"

"ह्याच्याशी. बोली दहाची झाली, आता पंधरा मागतोय."

"मग? तू डझनावर एक वर मागतेसच की."

"तो रिवाज आहे."

"त्याचाही असेल."

मी पुन्हा चालू केला आणि पाच दिल्या, रागाने. रोज तसंच. तो शेवटचं म्हणायचा आणि शेवटचं नसायचं. बाजारात असा माणूस मला भेटला असता तर मी त्याच्या पाटीला पुन्हा हात लावला नसता. पण इथे रोज सकाळी मीच त्याच्याकडे जात होते. मी घासाघीस करायचे. तू पंधरा म्हणतोस, मी बारा देते. तू उडी म्हणतोस, मी टाच उचलते. पाचव्या दिवशी मात्र मला जोर आला आणि मी खरोखर उडी मारली. फरशी ओली होती. गुडघा नारळाएवढा सुजला आणि आठ दिवस मी खाटेवर.

भावोजी बघायला आले, शहाळं घेऊन. अंगणातल्या दोरीवर ट्रॅकपँट वाळत होती. ती गाऊनच्या शेजारी होती म्हणून त्यांना उमगलं.

"वहिनी, कुस्तीला उतरताय की काय?"

"कोण समोर येतो त्यावर आहे."

ते हसले. मग शहाळ्यात नळी खुपसून माझ्या हातात देत म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? ह्या पौषात मी जातोच आहे आजोबांकडे. आपलंच आहे."

आपलंच. त्या शब्दाचं शहाळं मी पूर्ण प्यायले, कारण पैसे त्यांचे होते. ते गेल्यावर सुनेला म्हटलं, दुसरा व्हिडिओ बघ.

सूज उतरल्यावर तो लावला, तर एक मुलगी निघाली, घाटावरची, बोलणं साखरेत घोळलेलं. मी पाणी प्यायला थांबले होते आणि ती मला सांगत होती, "खूप छान करताय तुम्ही."

"बघितल्याशिवाय छान म्हणते," मी म्हटलं. "असल्या माणसाच्या शब्दावर काय ठेवायचं?"

पडवीतून आवाज आला, "तू नाही का गेल्या वर्षी बाग न बघता आकडा सांगितलास."

दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, बोलायचे नाही. पण खाटेवर पडले की तेच वाक्य. कारण ते खरं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगत आले की माल बघितल्याशिवाय तोंड उघडू नये, आणि एका खुर्चीत बसल्याबरोबर मी तोंड उघडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्या साखरेच्या मुलीबरोबर पायऱ्यांचे व्यायाम धरले. तिच्यासमोर लाकडी फळी होती, माझ्याकडे अंगणात उतरायची चिऱ्याची पायरी. एक पाय वर, दुसरा वर, खाली येऊन पुन्हा वर. खाली यायला मी काही महत्त्व दिलं नाही, धपकन यायचे. वर जाताना मात्र मोजून. पाऊसभर केलं. वीज गेली, नेट गेलं, तरी केलं, तिचं बोलणं मला पाठ झालं होतं आणि ती नसताना उलट शांतता होती. गणपतीपर्यंत बँकेचा जिना मी न थांबता चढायला लागले. मॅनेजरबाई म्हणाल्या, बारीक झालात. मी म्हटलं, व्यायाम करते. लपवायचं कशाला आता.

मग मी स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवली. आमच्या वाडीतली देवळाची पाखाडी छोटी आहे, पस्तीस-चाळीस पायऱ्यांची. तिथे गेले. चढले ती सरळ, कमरेवर हात ठेवून. वर घंटा वाजवली आणि जरा जोरातच वाजवली. आणि उतरायला वळले तर पहिल्याच पायरीवर गुडघा लटपटला. दुसरीवर मांडी थरथरायला लागली. बाजूचा गडगा, म्हणजे दगडाची ती बुटकी भिंत, दोन्ही हातांनी धरून मी खेकड्यासारखी आडवी उतरले. खालून एक बाई फुलं घेऊन येत होती. "काकू, हात देऊ?"

घरी येऊन पडवीत बसले. ह्यांना सांगावंच लागलं, चेहऱ्यावर दिसत होतं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "अगो, रस्ता वर आहे आणि बाग खाली. तुला आधी उतरायचंय. चढायचं ते नंतर. चार महिने तू परतीचा व्यायाम करतेयस."

मला वाटलं हे चेष्टा करतायत. करत नव्हते. व्यायाम म्हणजे चढ, दम लागेल तो खरा, असं मी धरून चालले होते. उतरायला काय लागतं, पाणीसुद्धा उतरतं. सुनेला विचारलं, "उतरायचा व्यायाम असतो का गो?"

"असतो," ती म्हणाली. तिने मोबाईल घेतला आणि काढून दिला. पांढऱ्या केसांच्या बाई. बाजूला खुर्ची.

ह्या खेपेला मी पूर्ण बघितला. त्या बाई सांगत होत्या, खुर्चीत बसायचं नाही. खुर्चीकडे जायचं. तीन मोजत सावकाश खाली, टेकल्यासारखं झालं की वर. खाली जाताना शरीर तोलणं हीच खरी ताकद, म्हणूनच पायऱ्या चढणारी माणसं उतरताना पडतात. एवढं सगळं त्या व्हिडिओत पहिल्या दिवसापासून होतं आणि मी नुसतं वरचं चित्र बघून परत पाठवलं होतं.

मी बोललेला शब्द परत घेत नाही. धंद्यात घेता येत नाही. म्हणून मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर निळी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सुनेने ठेवली होती. मी सांगितलं होतं ना, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही कधी नाही. तिच्या जागी मी असते तर निदान सात वेळा म्हटलं असतं.

तीन मोजत खाली. लाभ, दोन, तीन. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या आकड्याला मी धप्प बसायचेच. मग चार सेंटीमीटर वर धरता आलं, मग दोन्ही हात छातीशी घेऊन. त्या बाईंचं मला एक आवडलं. त्या दहा म्हणायच्या आणि दहाला थांबायच्या. छान म्हणायच्या नाहीत. "झालं असेल तर पाणी प्या," एवढंच. अशा माणसाशी व्यवहार करावासा वाटतो. दिवाळीच्या सुमाराला मी त्यांना अकरावी द्यायला लागले, त्यांनी न मागता. डझनावरचा एक असतो तशी.

पौषात थंडी पडली, मोहोर आला. कोणाला सांगितलं नाही. सुनेची स्कूटर, मागे मी. निघताना ह्यांनी काठी पुढे केली. मी ती घेऊन दारामागे ठेवली.

टपरीसमोर भावोजींची गाडी उभी होती. टपरीवाल्याने मला ओळखलं आणि माणूस वाईट नाही तो, लगेच लाल खुर्ची उचलून आणली. "काकू, बसा."

"आल्यावर बघू," मी म्हटलं आणि पाखाडीला लागले.

लाभ, दोन, तीन. चौथी उंच, पाचवीवर शेवाळ. पाय सरळ टाकला, आडवा नाही. चाळिसाव्या पायरीला गुडघ्याने तोंड उघडलं. मी थांबले, गडग्याला एक हात लावला आणि त्याला म्हटलं, तुझं ऐकते, पण खाली गेल्यावर. सत्तरनंतर मांड्या तापल्या. सूनबाई वरून बघत असणार, म्हणून पुन्हा थांबले नाही. शेवटची पायरी उतरले तेव्हा आकडा एकशे दहा होता. एकशे बारा नव्हे. बारा वर्षं आजोबा मला दोन पायऱ्या वरच्या सांगत होते.

विहिरीच्या काठावर भावोजी बसले होते. मला बघून उभे राहिले. "वहिनी, तुम्ही कशाला..."

आजोबा कलमाला पाठ टेकून उभे होते. "उशीर केलात," ते म्हणाले.

"एक वर्ष," मी म्हटलं. "आधी बाग बघते. मग बोलू."

आणि बघितली. वरचा टप्पा नीट होता, मी शिकवल्याप्रमाणे होता. पण बागेला खालचाही टप्पा आहे, खाडीच्या अंगाचा, तिथे अजून पायऱ्या उतराव्या लागतात. त्या उतरले. चार कलमांवर बांडगूळ वाढलेलं, हाताच्या बोटाएवढं जाड. फांदीचा रस पिऊन फांदी वाळवणारं ते झाड वर्षात एवढं तेव्हाच वाढतं जेव्हा वर्षभर खाली कोणी आलेलं नसतं.

मी वर येऊन आजोबांना म्हटलं, "बांडगूळ आहे."

भावोजी भडकले. "तोंड सांभाळा, वहिनी. मी तुमच्या जिवावर जगत नाही."

"मी झाडावरचं म्हणतेय."

"मला कळतं तुम्ही कुठलं म्हणताय."

मग मीही थांबले नाही. वर्षभराचं बाहेर आलं, खुर्ची, नारळ, शहाळं, सगळं. तेही म्हणाले, पहिली बाग स्वतःच्या नावावर घ्यायला मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत थांबायला लावलंत, प्रत्येक ठिकाणी मी म्हणजे वहिनींचा दीर. हे मला ठाऊक नव्हतं. ते खरं असेलही. त्यासाठी माझ्याकडून नारळ घ्यायचा होता, माझ्या पाठीमागे नाही.

आजोबा खोकले. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. भांडण पुरे, आता बोली.

"वरचा टप्पा त्याला," ते म्हणाले. "त्याने तो बरा ठेवला. खालचा तुम्हाला."

"मला अर्धी बाग नको."

"मग सगळी त्याची."

मी खालच्या टप्प्याकडे बघितलं, तिथल्या पायऱ्यांकडे बघितलं. "ठीक. पण खाली पायऱ्या जास्त आहेत. त्याच्या बदल्यात वर काय देता?"

"काय हवं?"

"दोन रायवळ आंब्यांची झाडं आणि खाडीकडचा फणस."

"फणस मी देणार नाही."

"मग पायऱ्या कमी करा."

आजोबा पहिल्यांदा हसले. फणस दिला. दोन नारळ घेऊन आले, एक भावोजींना, एक मला. अर्धी बाग मिळाली. अर्धी मिळाली नाही, हे मी विसरलेले नाही.

वर यायला मी आधी निघाले. मागून धाप ऐकू येत होती, मग एकदा, "वहिनी, थांबा जरा." मी वळून बघितलं नाही, पण चाल थोडी कमी केली. वर पोचलो तेव्हा आम्ही दोघंही घामाने भिजलेले. टपरीवाल्याने ती लाल खुर्ची आणून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. कोणासाठी, ते तो बोलला नाही. भावोजींनी तिच्याकडे बघितलं. मी बघितलं. चहा आला. नारळ काखेत धरून आम्ही दोघांनी उभ्यानेच प्यायला, माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि त्यांच्याही, मला दिसत होतं.

"कोणी बसणार नसाल तर मी बसते," सून म्हणाली, आणि बसली.